गणपतीच्या डोळ्यांचा राक्षस

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. राक्षसाचा. रोह्यातल्या तुमच्या शाळेच्या सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या हाताला, काचेच्या पेटीत मला टांगलं आहे. माझ्याखाली पितळी पाटी आहे आणि त्या पाटीने माझं डोकं फिरवलं आहे. दर वर्षी नवी मुलं येतात, पाटी मोठ्याने वाचतात आणि "किती प्रेमळ राक्षस!" म्हणून हसतात. खुशाल हसा. पण आज माझं ऐकून घ्या.

माझा जन्म पेणजवळच्या हमरापूरचा. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गुणाजीशेठच्या गणपतीच्या कारखान्यात रद्दी भिजवून, कुटून, त्या लगद्यातून मला घडवलं. मागणी रोह्याच्या एका नाटक मंडळीची होती. पोरांनी आईच्या पदरात तोंड लपवलं पाहिजे असा राक्षस त्यांना हवा होता. माझे सुळे झकास झाले. नाकपुड्या तर अशा फेंदारलेल्या की नटाने त्यातूनच बाहेर बघायचं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

घात झाला तो गडबडीमुळे. गणपती तोंडावर आले होते. कारखान्यात डोळ्यांची आखणी काशीबाई करायची. फळीवर मूर्ती ओळीने मांडलेल्या असायच्या आणि ती कुंचला घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायची. कुणीतरी मला वाळायला त्याच फळीवर ठेवलं. काशीबाईचा हात माझ्यापाशी आला, चालला आणि पुढे गेला. नंतर तिने मान वर करून पाहिलं, तर राक्षसाच्या तोंडावर गणपतीचे डोळे! शांत, मायाळू, काय हवं ते माग म्हणणारे. मला रडावंसं वाटलं.

आणि आमच्या कारखान्याची रीत अशी की एकदा आखलेला डोळा पुसायचा नाही. गुणाजीशेठ कडाडले, "आता तूच जा रोह्याला नि देऊन ये. याला परत आनलंस तर तूपन येऊ नको."

पेणहून निघालेल्या एस्टीत ती मला मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या म्हातारीने मला भक्तिभावाने नमस्कार केला. मी जळफळत होतो.

रोह्यात गोकुळाष्टमीचा प्रयोग होता. राक्षसाचं काम करणाऱ्या सखाने मला पाहिलं आणि हात झटकले. "हे लावून गेलो तर लोक आरती म्हणतील. मी नाय करनार!" तो तडक घरी निघून गेला. मंडळीचा मालक पुंडलिक काशीबाईवर उखडला. "घेऊन जा तुझं हे ध्यान!"

"परत न्यायला मला जागा नाय," काशीबाई म्हणाली.

बाहेर पडदा वर जात होता. तिने खुंटीवरचा काळा झगा ओढला, मला तोंडावर चढवलं आणि ती सरळ रंगमंचावर गेली. राक्षसाला बोलायचं फारसं नव्हतंच. गर्जना करायची आणि शेवटी मरायचं. माझे डोळे पाहून पुढच्या रांगेतल्या बायांनी खरोखरच हात जोडले. मग काशीबाई ओरडली. दिवसभर दुसऱ्याच्या देवांना डोळे द्यायचे आणि वर हाकलून देण्याची धमकी ऐकायची, तो सगळा संताप तिच्या पोटातून माझ्या तोंडात आला. माझ्या सुळ्यांना थरथर सुटली. जोडलेले हात सुटले आणि पुढची पोरं भोकाड पसरून रडू लागली. त्या क्षणी मी पहिल्यांदा राक्षस झालो.

पुंडलिक खूश झाला. "दर प्रयोगाला येत जा," तो म्हणाला. "पन नाव सखाचंच लागंल. बाईमानूस राक्षस व्हतं हे लोकांना पटायचं नाय."

"आनि पेनला प्रयोग झाला तं? माझी मानसं येतील."

"पेनला तुझं नाव सांगीन. देवाशपथ."

या एका शब्दावर तिने कितीतरी गावं गाजवली. माझ्या आत ती ओरडायची आणि शेवटी विंगेत झगा नि मला, मंडळीत परतलेल्या सखाच्या हवाली करून बाजूला उभी राहायची. टाळ्या सखा घ्यायचा. माझे डोळे शांत होते, म्हणून माझा चडफडाट कुणाला दिसला नाही!

अखेर पेणला प्रयोग लागला. अख्खं हमरापूर आलं होतं. नाटक संपलं, सखा मला हातात घेऊन पुढे गेला, पुंडलिकने माइक धरला आणि सखाचं नाव पुकारलं. शाल सखाच्या खांद्यावर पडली. काशीबाई तिच्या विटक्या लुगड्यात विंगेतून पुढे आली. पुढे बसलेल्या पेणच्या लोकांना वाटलं, सतरंजी गुंडाळायला बाई आली. कुणीतरी "थांब गो जरा!" म्हणून ओरडलंसुद्धा.

एकटी धोंडुबाई उभी राहिली. आखणीला काशीबाईच्या शेजारी बसायची ती. "ते डोलं आमच्या काशीचं हायत! नि आवाजपन तिचाच हाय!"

पुंडलिक हसला. "व्हय व्हय, डोळे यांनीच रंगवलेत." लोकांनी दोन टाळ्या वाजवल्या.

काशीबाईने सखाच्या हातातल्या माझ्याकडे एकदा पाहिलं. "देवाशपथ म्हनला व्हतास," ती पुंडलिकला म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मंडळीत ती पुन्हा आली नाही.

ती गेल्यावर सखाने मला तोंडावर चढवून पाहिलं. लोक हसले. मग मी मंडळीच्या खोलीत खिळ्यावर गेलो. एका दुपारी रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा गेली. वडखळकडच्या दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाचं नाटक होतं. "प्रमुख भूमिकेत काशीबाई हमरापूरकर!" मुखवट्याशिवाय, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने! मी खिळ्यावर होतो, मला तिला पाहता आलं नाही. त्या दिवसाएवढा आनंद मला कधी झाला नाही आणि एवढा रागही कधी आला नाही.

पुढे मंडळी मोडली आणि मी तुमच्या शाळेत आलो. पाटीवर लिहिलं आहे, 'थोर नट सखा यांचा गाजलेला मुखवटा'.

मित्रांनो, माझी धूळ झटकू नका. मला नवा रंग देऊ नका. एकच करा. तुमच्या बाईंना सांगून ही पेटी उघडा आणि मला उलटा करून पाहा. आतल्या बाजूला, कपाळ टेकतं तिथे, घामाने भिजून भिजून मुरलेला लाल डाग आहे. तो कुंकवाचा आहे. सखा कुंकू लावत नव्हता.