अकरा शर्टांची गोधडी

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारी मळकट टॉवेलखाली जो ठोकळा दिसतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे रोज माझ्यासारखे चारशे जन्मायचे, त्यामुळे कोणाला फारसं कौतुक नव्हतं. पहिली सहा वर्षं एका कचेरीत मी रजेचे अर्ज छापले. मग कचेरीने मला निकालात काढलं आणि तिथल्याच एका मुलीने घरी आणलं.

तिची आई तीस वर्षं लोकांचे कपडे शिवत आलेली. त्याच वर्षी मुलीचे वडील गेले. कपाटात त्यांचे अकरा शर्ट राहिले, अकराही निळ्या रेघांचे. माणसाला एकदा एक गोष्ट आवडली की विषय संपला. आईला त्यांची गोधडी करायची होती, पण कात्री लावायला हात धजेना.

"आई, आधी यात जुळवून बघ," मुलगी म्हणाली. "इथं चुकलं तरी कापड कापलं जात नाही."

तिने माझ्यात गोधड्यांचे नमुने करायचा प्रोग्राम घातला, शर्टांचे फोटो भरले. मला अकरांत काही फरक दिसेना. आईला दिसायचा.

"तो बाहीला झिजलेला पायाकडे घे. खिशावर शाई सांडलेला वर, माझ्या हनुवटीशी."

पंधरा दिवसांनी पडद्यावर पाच फुटी गोधडी तयार झाली. शेजारीण म्हणाली, "कमालच आहे बाई या यंत्राची!" माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच.

मग कापायचे कागदी साचे छापायचे होते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, पानात बसेल इतकं लहान करू का? मुलीने 'हो' दाबलं. सगळे 'हो'च दाबतात, वाचत कोणी नाही. प्रत्येक साचा इंचभर लहान निघाला.

आईने पहिला साचा कापडावर ठेवला आणि थांबली.

"लहान वाटतोय गं."

"अगं, संगणकाने काढलाय."

"आणि एवढं कापड कसं उरतंय?"

"यालाच नियोजन म्हणतात, आई. तुझ्या अंदाजाने सगळं वाया गेलं असतं."

आईने गळ्यातली टेप काढून ठेवली आणि कापायला घेतलं. मला सगळं माहीत होतं. पण दुसऱ्यांदा विचारायची सोय माझ्यात नाही.

गोधडी चार फूट तीन इंच भरली. उरलेल्या कापडाच्या बोटभर धांदोट्या झाल्या होत्या. दोन्हीकडून शिवण घातली असती तर त्यात काही राहिलं नसतं. मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. पडद्यावर अजून पाच फूटच होते.

"मी असंच निळं कापड आणते, खाली पट्टी जोडू."

"नको. त्यांच्यात दुसऱ्याचं कशाला?"

"मग ओरड तरी माझ्यावर!"

"कापलं मीच ना," आई म्हणाली.

त्यानंतर मला कोणी चालू केलं नाही.

मित्रांनो, माझी मोठी मागणी नाही. धूळ पुसलीत तर बरं, नाही पुसलीत तरी मला कळणार नाही. पण छापलेल्या कागदाला कापायच्या आधी एकदा टेप लावा. आणि तीस वर्षं कात्री चालवलेली बाई 'लहान वाटतोय' म्हणाली, तर माझं नाव सांगून तिला गप्प करू नका.

दुपारी आई समोरच्या पलंगावर तीच गोधडी घेऊन पडते. पाय पोटाशी घेतले की पुरते.