एका सुताचा फरक

"डोळे मिटल्याशिवाय दिसत नाही," असं म्हणून कॅझ व्रोनाने पातळ सुती हातमोजा चढवला आणि गाडीच्या मागच्या फुगवट्यावर तळवा ठेवला.

गाडी अडुसष्ट सालची होती. किंगबर्ड या मॉडेलची ही पहिली पिढी, कुणा हौशी माणसाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेली. कॅझला कुणी मागून आणलं नव्हतं. एक फोन आल्याबरोबर तो आदल्या दिवशी केस कापून घेऊन, बासष्टाव्या वर्षी, जुन्या कचेरीत हजर झाला होता. तीन वर्षांपूर्वी किंगबर्ड बंद झाली त्याच महिन्यात तोही निवृत्त झाला. आता कंपनीला उपरती झाली होती आणि गाडी पुन्हा काढायची होती, तीही पहिल्या पिढीसारखी दिसणारी. निवृत्त माणसांना मात्र कुणी पुन्हा काढत नाही, असं लोटी, त्याची बायको, सकाळी त्याच्या टायची गाठ सारखी करताना म्हणाली होती.

नव्या गाडीच्या बाह्यरूपाची प्रमुख पायपर लुंडग्रेन नावाची पस्तिशीतली बाई होती. तिने त्याला हात लावू दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग विचारायचं ते विचारलं.

"आमच्या यंत्राने ही गाडी मोजली, मिस्टर व्रोना. सगळीकडे दोन्ही बाजू सारख्या आहेत. फक्त इथे, या फुगवट्यावर, डावी बाजू तीन मिलिमीटर उंच आहे. मी आणखी दोन जुन्या गाड्या मोजून पाहिल्या, त्यांतही तेच. यातली खरी कोणती? डावी की उजवी?"

कॅझने हातमोजा काढून त्याची घडी घातली. एकोणचाळीस वर्षं त्याने या प्रश्नाची धास्ती घेतली होती आणि वाटही पाहिली होती. तो विचारणारी बाई त्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती.

"तीन मिलिमीटर नाही," तो म्हणाला. "एक सूत. इंचाचा आठवा भाग."

त्या काळी गाडी आधी मातीची होई. मेण मिसळलेली तपकिरी माती भट्टीत ऊन करायची, लाकडी सांगाड्यावर थापायची, थंड झाली की पोलादी पात्याने खरवडून आकार काढायचा. खरी गाडी असते तेवढीच मोठी मातीची गाडी. मातीला गंधकाचा वास येई आणि तो आंघोळीने जात नसे. लग्न ठरलं तेव्हा लोटीची आई म्हणाली होती की पोरगा चांगला आहे, पण अंड्यासारखा वास येतो.

एका गाडीवर दोन मुख्य कारागीर असत. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. सहासष्ट साली, जेव्हा पहिली किंगबर्ड मातीत होती, तेव्हा डावी बाजू तेवीस वर्षांच्या कॅझची होती आणि उजवी अडतीस वर्षांच्या ऑर्व्हिल टिबेटची. ऑर्व्हिल केंटकीच्या डोंगरातून आलेला, उंच, हडकुळा, सावकाश बोलणारा. कॅझला पातं धरायला त्यानेच शिकवलं. "पोलंडच्या, बटाटे सोलतोयस का रे?" असं तो विचारी आणि मागून येऊन कॅझचं मनगट हलकेच वळवून देई.

मागच्या चाकावरच्या त्या फुगवट्याला कारागीर सरळ 'कुल्ला' म्हणत. साहेब लोक आणि जाहिराती त्याला 'खांदा' म्हणत, कारण त्यांना तो विकायचा होता. त्याची उंची आकड्यात कुठेच लिहिलेली नव्हती. चित्रकार साहेबाने कागदावर एक रेघ ओढली होती आणि ती मातीत उतरवणं हातांवर सोपवलं होतं. किंगबर्ड पुढे ज्यासाठी ओळखली गेली ती हीच रेघ.

त्या खोलीत एक रीत होती. दुसऱ्याची चूक तोंडाने बोलायची नाही, विशेषतः साहेब आसपास असताना. हात फिरवायचा, आणि जिथे माती जास्त वाटेल तिथे बोटाने दोन टिचक्या मारून पुढे जायचं. ज्याची बाजू असेल तो समजून घेई. त्यावर कुणी आभार मानत नसे की रागावत नसे.

बड्या साहेबांसमोर गाडी ठेवायच्या आदल्या दिवशी ऑर्व्हिलने कॅझच्या बाजूवर हात फिरवला. फुगवट्याच्या माथ्यापाशी तो थांबला. दोन टिचक्या. मग तो डबा उचलून जेवायला गेला.

कॅझने तिथे स्वतःचा तळवा ठेवून पाहिला. हात अडखळत होता, यात शंकाच नव्हती. पण तो तेवीस वर्षांचा होता, सकाळीच चित्रकार साहेब त्याच्या बाजूला उभा राहून "वा" म्हणून गेला होता, आणि त्या एका 'वा'ने त्याच्या डोक्यात हवा भरली होती. म्हाताऱ्याला हेवा वाटतोय, असं त्याच्या मनात आलं. अडतीस वर्षांच्या माणसाला तो तेव्हा म्हातारा समजत होता. त्याने पात्याला हातही लावला नाही.

साहेबांनी गाडी डावीकडून पाहिली, कारण खोलीचं दार डावीकडे होतं. लगेच मंजुरी मिळाली. पोलादाचे साचे तयार झाले, आणि साचे तयार झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन बाजू जुळत नाहीत. साचे बदलायचे तर गाडी वर्षभर लांबणार. रस्त्यावर कुणाच्या बापाला कळणार नाही, असं ठरलं, आणि ते खरंही निघालं. पण दोष कुणाच्या तरी पदरात घालायलाच हवा होता. विभागप्रमुख खोलीत आला. डावी बाजू मंजूर झालेली, म्हणजे ती बरोबर. त्याने विचारलं, "उजवी बाजू कोणाची?"

चूक कोणाची, असं त्याने विचारलं नाही. ऑर्व्हिल म्हणाला, "माझी." मग त्याने कॅझकडे पाहिलं. फार वेळ नाही, चहात साखर विरघळायला लागेल तेवढाच. कॅझ आपलं पातं पुसत राहिला.

सोमवारपासून ऑर्व्हिलला किरकोळ भागांच्या मेजावर बसवलं. दाराच्या मुठी, काच खालीवर करायच्या दांड्या, गिअरच्या दांड्यावरचे गोळे. एवढा मोठा हात आणि लिंबाएवढं काम. त्या शुक्रवारी दारूच्या गुत्त्यात तो कॅझच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला, एक बिअर संपवली आणि उठताना म्हणाला, "मी वाजवलं होतं." त्यानंतर त्या विषयावर त्याने जन्मात एक शब्द काढला नाही.

गाडी पुढे चालत राहिली. एकाहत्तरला दुसरी पिढी आली, लांब आणि लठ्ठ. मग पेट्रोल महागलं आणि तिच्या इंजिनातला दम काढून घेतला. वरून वाघ आणि आत मांजर अशी ती आठ वर्षं विकली गेली. ब्याऐंशीला चौकोनी झाली, त्र्याण्णवला झिजल्या साबणासारखी गोल. दर वेळी नवा साहेब येई, भिंतीवर जुन्या गाडीचा फोटो लावी आणि म्हणे की बाकी काहीही बदला, पण तो खांदा ठेवा. दर वेळी ते काम कॅझकडे येई, कारण तो 'कॅझचा खांदा' होता. त्याला बढती मिळाली, घड्याळ मिळालं, कंपनीच्या मासिकात फोटो आला.

आणि दर वेळी त्या गाडीच्या आत गिअरचा गोळा ऑर्व्हिलच्या हातचा असे. कॅझने आयुष्यात तीन किंगबर्ड घेतल्या. रोज सकाळी गिअर टाकायला हात खाली नेला की तळव्यात ऑर्व्हिलचा गोळा बसे, अगदी नेमका, जसा त्याच्या हाताचं माप घेऊन केला असावा. त्याला त्या गोळ्याची लाज वाटे. शेवटची गाडी त्याने मुद्दाम आपोआप गिअर बदलणारी घेतली. लोटीला सांगितलं की गुडघा दुखतो.

"उजवी," कॅझ आता पायपरला म्हणाला. "उजवी खरी. ती ऑर्व्हिल टिबेटने केली होती. डावी माझी, आणि ती चुकलेली आहे. त्याने मला आदल्या दिवशी दाखवलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नाव त्याचं खराब झालं. तुम्ही उजवी घ्या. एवढं माझं करा."

हे बोलायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. एवढंसं वाक्य आपण एवढी वर्षं का वागवलं, याचं त्याला नवल वाटलं, आणि मग स्वतःची किळस आली.

पायपरने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. बाई वाईट नव्हती. तिने समजावून सांगितलं की संगणकाला अर्धीच गाडी लागते, उरलेली अर्धी तो आरशातल्यासारखी उलटवून घेतो. त्यामुळे कोणती बाजू घ्यायची हा प्रश्न त्यांना मागच्या नोव्हेंबरातच पडला होता.

"मग कोणती घेतलीत?"

"दोन्हींच्या मधली." तिने नजर खाली घातली. "यंत्राने सरासरी काढली. त्याच्यावर सह्या झाल्यात, मिस्टर व्रोना. मी तुम्हाला विचारलं ते पुस्तिकेसाठी. गाडीच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका काढतोय."

म्हणजे पुढच्या गाडीवर ना त्याचा हात असणार होता, ना ऑर्व्हिलचा. अर्धं सूत यातलं, अर्धं सूत त्यातलं. कॅझने एकच विनंती केली, पुस्तिकेत टिबेटचं नाव घाला. तिने ते लिहून घेतलं. शेवटी दोन टी का, असंही विचारलं. बाहेर त्याचा गाडीजवळ फोटो घ्यायला माणूस थांबला होता. कॅझने फोटो न देताच टोपी घातली. निघताना मात्र त्याने मातीचा एक ठोकळा मागितला. खोलीत अजून एक भट्टी होती, आणि एक म्हातारा कारागीर होता, त्याने तो न विचारता कागदात गुंडाळून दिला.

हॅमट्रॅमिकच्या आपल्या घरी त्याने तो ठोकळा स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवला. लोटी गंधकाच्या वासाने धावत आली. ऐकवायचं तेवढं ऐकवून झाल्यावर तिने विचारलं की झालंय काय, आणि त्याने सगळं सांगितलं. ती टेबलाशी बसून ऐकत राहिली. ऑर्व्हिलची बायको वारेपर्यंत दर नाताळात लोटी त्यांच्याकडे खसखशीचा रोल पाठवत आली होती.

"मला कशाला सांगतोस?" ती शेवटी म्हणाली. "मी काय तुझा पाद्री आहे? त्याला जाऊन सांग. आणि तो आहे तोवर सांग."

कॅझ दोन दिवस टेबलाशी बसून राहिला. ठोकळ्यातून त्याने किंगबर्डचा मागचा भाग घडवला, हाताएवढा लांब, दोन्ही फुगवट्यांसह. उजवा ऑर्व्हिलसारखा, डावा आपल्यासारखा. चूकसुद्धा त्या प्रमाणात, दोरा ठेवावा एवढीच. हात विसरले नव्हते.

ऑर्व्हिल शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होता. वर्षभरापूर्वी त्याला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मार्चचा मळका बर्फ खिडकीखाली साचला होता. कॅझने आधी प्लमचा मुरंबा भरलेली पोंचकी, म्हणजे पोलिश डोनट, काढली. ऑर्व्हिलने अर्धी खाल्ली, साखर हनुवटीवर सांडली. कॅझने ती पुसली. मग खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "ऑर्व्हिल, ते परवा कंपनीत सांगून आलो. उजवी बरोबर होती म्हणून. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. उशीर झाला. त्यांनी दोन्ही मिसळून टाकल्या."

ऑर्व्हिल त्याच्याकडे बघत राहिला. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, तिच्यावरून काही कळेना. तो रागावला असता तर कॅझला बरं वाटलं असतं.

कॅझने कागद सोडून मातीची गाडी त्याच्या मांडीवरच्या पांघरुणावर ठेवली. वास येताच ऑर्व्हिलच्या नाकपुड्या फुलल्या. त्याने डावा हात उचलला आणि डोळे मिटून तळवा मातीवर ठेवला. आधी उजव्या बाजूवरून फिरवला, सावकाश, न थांबता. मग डाव्या बाजूवर आला. माथ्यापाशी थांबला.

त्याने बोटाने दोन टिचक्या मारल्या.

कॅझने खिशातून पातं काढलं. ते त्याने का बरोबर घेतलं होतं, हे घरून निघताना त्याला नीट सांगता आलं नसतं. तो पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि खरवडू लागला. केसासारखी तपकिरी साल पांघरुणावर पडत राहिली. परिचारिका दारात आली, चादरीकडे पाहिलं आणि परत फिरली. ऑर्व्हिलने पुन्हा हात फिरवला. पुन्हा दोन टिचक्या. कॅझने आणखी थोडं काढलं, मनगट ऑर्व्हिलने एके काळी वळवून दिलं होतं तसं वळवून.

तिसऱ्यांदा तो मोठा हात डाव्या बाजूवरून गेला. माथ्यापाशी आला आणि तसाच पुढे, शेवटपर्यंत घसरत गेला. या वेळी टिचकी वाजली नाही.