पुडीची गाठ

त्या घरात रविवारची सुरुवात वादानेच व्हायची. घरधनी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात अठरा वर्षं मुरलेले. सगळे त्यांना पॅकिंगवाले म्हणत. रविवार उजाडला की ते ओट्यावर तुटक्या बिस्किटांचा ढीग मांडत आणि इवल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून पुड्या बांधायला बसत. बायकोला नेमका तेव्हाच ओटा हवा असे.

"अहो, प्राणिसंग्रहालयात हरणांना खायला देतात की! काही टाकू नका अशी पाटी आहे ना तिथे?"

"पाटी दगड मारणाऱ्यांसाठी असते. मी काय दगड मारतो? मुक्या जिवाच्या पोटात दोन घास गेले तर कुणाचं काय बिघडलं?"

आपण तरी काय वेगळं बोलतो? पाटी दुसऱ्यांसाठीच लावलेली असते, हे आपल्यालाही मनातून पटलेलं असतंच की!

हरणांच्या कुंपणाआधी रुंद खंदक होता. सुटं बिस्कीट त्यातच पडायचं. पॅकिंगवाल्यांनी त्यावर डोकं चालवलं. पुडी बांधून भिरकावली की थेट हरणांपुढे! त्यांची गाठही खास होती. दोन पीळ, एक फास आणि टोक आत खोचलेलं. कारखान्यात ती दुसऱ्या कुणालाच जमली नव्हती, आणि बांधल्यावर सुटतही नसे. सोडवू शकायची फक्त त्यांची नऊ वर्षांची लेक, कारण तिच्या डब्याच्या पिशवीलाही बाबा तीच गाठ मारत.

लेकीचा जीव होता ठिपकीवर. कानावर पांढरा ठिपका असलेली ही हरिणी यांना पाहिलं की धावत खंदकापाशी येई. "बघ, मला ओळखते ती!" असं म्हणताना बाबांची छाती फुगायची. हरणांची राखण करणाऱ्या बाईंशीही दोघांची ओळख झाली होती. लेक त्यांना मावशी म्हणे. मात्र मावशी जेवायला गेल्याशिवाय पुड्या बाहेर निघत नसत, हेही खरं.

त्या रविवारी बापलेक बागेतल्या हिरवळीवर पसरलेल्या माणसांतून वाट काढत कुंपणाशी आले, तर ठिपकी कुठेच नाही. लेकीने हाका मारमारून घसा कोरडा केला. शेवटी मावशी बादली घेऊन आल्या. त्यांचे डोळे लाल होते.

"ती दवाखान्यात आहे गं. काल तिचं पोट कापावं लागलं."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. मावशींना राहवलं नाही. "चला, पण दारातूनच बघायचं हं."

मागे दवाखान्याच्या शेडमध्ये ठिपकी गवतावर आडवी पडली होती. पोटाला पट्टी, कान पडलेले. दाराशी टेबलावर एका ट्रेमध्ये करड्या रंगाचा गोळा होता.

"हे तिच्या पोटातून निघालं," मावशी म्हणाल्या. "पंधरा दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती. लावणार कशी? पोट प्लॅस्टिकने भरलेलं! भरल्या पोटी उपाशी मरत होती बिचारी."

"पण लोक प्रेमानेच देतात हो," पॅकिंगवाले पुटपुटले.

"तेच तर दुखणं आहे, भाऊ! दगड मारणाऱ्याला मी हाकलते. खाऊ टाकणारा हसत येतो, मुलाबाळांना घेऊन येतो. त्याला काय बोलायचं? पण मला सांगा, उद्या कुणी परक्याने तुमच्या लेकीला काहीतरी पिशवीसकट भरवलं, तर तुम्ही त्याला प्रेम म्हणाल?"

मावशींनी चिमट्याने गोळ्याचं एक टोक उचललं.

"आणि हे बघा, कुणीतरी पुड्या बांधून टाकतंय. सात गाठी मोजल्या मी. सगळ्या सारख्या."

दोन पीळ, एक फास, टोक आत. पिशव्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, गाठी मात्र जशाच्या तशा.

पॅकिंगवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आजच्या पुड्या खांद्यावरच्या झोळीत होत्या. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? त्यांनी हळूच लेकीकडे पाहिलं. ती ट्रेकडे बघत होती. मग तिने स्वतःच्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि पटकन तिच्या गाठीवर तळहात ठेवला.

नऊ वर्षांची पोर बापाची चूक झाकत होती!

त्यांनी वाकून तिचा हात अलगद बाजूला केला.

"मावशी, ती गाठ माझी आहे," ते म्हणाले आणि झोळीतल्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

मावशींनी एक पुडी उचलून ट्रेमधल्या गाठीशेजारी धरून पाहिली.

"वाचेल ना ती?" लेकीने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत काही खाल्लं, तर वाचेल असं डॉक्टर म्हणालेत."

बापलेक शेडबाहेरच्या बाकावर बसून राहिले. डबा कुणी उघडला नाही. ऊन उतरलं तेव्हा मावशींनी कोवळ्या पानांची डहाळी ठिपकीच्या तोंडाशी धरली. तिने वास घेतला, मान फिरवली, पुन्हा वळवली आणि एक पान ओढलं.

"खाल्लं! बाबा, खाल्लं तिने!"

बाबांना मात्र काही दिसत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

आता हरणांच्या कठड्यापाशी पाटीखाली काचेची एक बरणी आहे. तिच्यात सात गाठी आहेत. दर रविवारी मावशींच्या जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगवाले तिथे उभे असतात. परवाच एका गृहस्थांनी पिशवीत हात घातला. पॅकिंगवाल्यांनी अडवलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी काय दगड मारतोय का?"

"मीही हेच म्हणायचो," पॅकिंगवाले म्हणाले. "या गाठी माझ्या आहेत." आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. गृहस्थांनी हात बाहेर काढला.

मंडळी, माया करायची तर आधी त्या जिवाला काय हवंय ते विचारावं. त्याला बोलता येत नसेल तर त्याची देखभाल करणाऱ्याला विचारावं. नुसती आपली हौस भागली म्हणजे त्याचं भलं झालं असं होत नाही.

लेकीच्या डब्याला आता कापडी पिशवी आहे. तिची गाठ साधी आहे, एका ओढीत सुटते.