मागचं डावं दार

“क्लच आहे तो. पायपुसणं नव्हे.”

रंगराव पिंपळशेंडे हे खिडकीच्या काचेला सांगत होते. पण गाडी लहान आणि काचा वर केलेल्या, त्यामुळे काचेला सांगितलेलं परत फिरून मागच्या सीटवरच्या वेणूबाईंच्या पदरात येऊन पडलं. गाडी चालवणाऱ्या नंदिनीनंही ते ऐकलं असणार, कारण तिची मान ताठ झाली.

“बाबा, ट्रॅफिक आहे.”

“मग ट्रॅफिकच्या पायाखाली आहे काय क्लच?” रंगराव पुन्हा काचेलाच म्हणाले. “काहून दाबून राहिली एवढा?”

येरवडा मागे पडला होता. नगर रोडला दोन्ही अंगांनी इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, आणि वाघोली अजून बरीच लांब होती. भाजीतल्या मिठाबद्दल रंगराव बोलत नसत आणि गाडीबद्दल वेणूबाई बोलत नसत. छत्तीस वर्षांचा संसार बऱ्यापैकी या करारावर चालला होता.

आज मात्र तिघंही निघाली होती ती गाडीसाठीच. जुनी, पण मोठी. लेकीचं कागदावरचं नाव राजनंदिनी, हिंजवडीच्या कंपनीतली नोकरी. दीड वर्ष अमेरिकेत राहून ती परत आली ती एकच हट्ट घेऊन: बाबांसाठी साहेब लोकांसारखी गाडी घ्यायची. नवी झेपणारी नव्हती, म्हणून वापरलेली. “निवडायची तुम्ही आणि चालवायचीही तुम्हीच,” असं तिनं तिकडून फोनवर सांगितलं होतं. रंगरावांनी तेव्हा “बघू” एवढंच म्हटलं आणि नंतर आठवडाभर शेजारच्यांना ते वाक्य ऐकवलं.

मग ती आली आणि डोळ्याचं निघालं. काचबिंदू. डावा डोळा जवळपास गेलेला, उजवा थेंब टाकून जपायचा आणि गाडी चालवणं बंद. रंगराव आत डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसले होते, तेव्हा डॉक्टरांनी मायलेकींना बाहेर पॅसेजमध्ये हे सांगितलं. घरी येईपर्यंत त्याचं “थेंब टाका, जरा आराम करा” एवढंच उरलं. त्या एका ‘जरा’मध्ये दोघींनी सगळं कोंबून बसवलं. संध्याकाळी वेणूबाईंनी कपाटातलं लायसन काढून तुरीच्या डाळीच्या डब्याखाली सरकवलं. रंगरावांनी ते मागितलं नाही. दोन महिने झाले, गाडी चालवायचा विषय कोणीच काढला नव्हता. आणि आज सकाळी ते स्टाफ कारच्या दिवसांतला पांढरा बुशशर्ट घालून, कडक इस्त्रीचा, दारात उभे राहिले, तेव्हा वेणूबाईंची नजर आधी डाळीच्या डब्याकडे गेली.

खडकीच्या कारखान्यात रंगरावांनी एकतीस वर्षं स्टाफ कार चालवली. चंद्रपूरकडून आलेल्या या माणसाची मराठी पुण्यात राहून थोडी बदलली, पण गाडी हाकायची पद्धत बदलली नाही. साहेब अकरा झाले, अँबॅसिडर चार झाल्या, ड्रायव्हर एकच. साहेबांची जागा मागे, डावीकडे. ते दार रंगरावांनी किती हजार वेळा उघडलं असेल कोण जाणे, त्यातून आत मात्र कधी बसले नाहीत. आरशात रस्ता बघायचा, माणूस बघायचा नाही, हा त्यांचा नेम. माणूस ऐकायचा. मागच्या सीटवरची शांतता सारखी नसते, ते म्हणत. झोपेची वेगळी, रागाची वेगळी, बदलीच्या ऑर्डरची वेगळी. एकदा एक साहेब मिटिंगमधून निघून मागे येऊन बसले आणि “घरी” एवढंच म्हणाले. संगम पूल ओलांडल्यावर रंगरावांनी गाडी झाडाखाली घेतली, “टायर बघतो साहेब,” म्हणून उतरले आणि दहा मिनिटं एका चांगल्या टायरकडे बघत उभे राहिले. साहेबांची आई गेल्याची तार आली होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढे खुलं आर्थिक धोरण आलं आणि रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या आल्या. साहेब लोक हॉटेलात जेवायला बसत आणि बाहेर त्यांचे ड्रायव्हर एकमेकांच्या गाड्यांची बॉनेटं उघडून उभे राहत. रंगरावांची मर्सिडीज, होंडा, टोयोटा ही सगळी शाळा तिथं झाली. चालवली त्यांनी अँबॅसिडरच, पण बाकीच्या गाड्यांच्या कुंडल्या त्यांना पाठ होत्या.

वाघोलीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडखाली पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. दारात पाटी: ‘टायरला लाथ मारून गाडी कळत नाही.’ पाटीखाली मालक, दीनानाथ परचुरे. पासष्टीचे, पेठेतले, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र.

“नुसतं बघायचंय, की घ्यायचंय?” त्यांनी विचारलं.

“बघितल्याशिवाय घ्यायची पद्धत नाही आमच्याकडे,” रंगराव म्हणाले.

दीनानाथांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

नंदिनीनं इंटरनेटवर बघून दोन गाड्या नक्की केल्या होत्या. एक चंदेरी अकॉर्ड, तीन वर्षांची. दुसरी गडद निळी मर्सिडीज, सात वर्षांची. रंगराव आधी अकॉर्डकडे गेले, मागचं डावं दार उघडून आत बसले आणि बसूनच राहिले.

“इंजिन पुढे असतं,” दीनानाथ म्हणाले.

“साहेब मागे असतो.”

पाच मिनिटांनी ते उतरले. मग काम सुरू झालं. वेणूबाईंनी नवऱ्याला कामावर असताना कधी पाहिलंच नव्हतं. घरात पाणी पिऊन झालेलं भांडंसुद्धा जागेवर न ठेवणारा हा माणूस इथं एखाद्या वैद्यासारखा वावरत होता. पायाखालचं कार्पेट उचलून त्यांनी वास घेतला. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याचं टोक बघितलं. “गाडी पाण्यात बुडली असली तर सगळं धुतात,” ते म्हणाले, “पट्ट्याचं शेपूट धुवायचं कोणाच्या ध्यानात येत नाही.” इंजिनातलं तेल दोन बोटांत चोळलं. चारही दारं एकेक करून लावली आणि आवाज ऐकला. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूला वाकून त्यांनी ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला.

“मीटर चाळीस हजार म्हणून राहिला. हे रबर म्हणते सत्तर. ऐकायचं कोणाचं?”

दीनानाथांनी चष्मा काढून पुसला. “मी फिरवलेला नाही. आला तसा विकतोय.”

“तुम्हाला कोण म्हणते? मी रबराशी बोलून राहिलो.”

“आपण कुठं होतात?” दीनानाथांनी विचारलं. आवाजातली पेठ जरा उतरली होती. त्यांनी आतून दोन खुर्च्या आणवल्या आणि चहा सांगितला. नंदिनी आईच्या कानाशी म्हणाली, “आई, आमच्या ऑफिसमध्ये टेस्टिंगला अख्खी टीम असते. तीही एवढं बघत नाही.”

“गाडी वाईट नाही,” रंगराव अकॉर्डच्या छतावर हात ठेवून म्हणाले. “चालवणाऱ्याची गाडी आहे ही. हातात बोलते. ती निळी बसणाऱ्याची.”

“मग हीच घेऊ ना बाबा,” नंदिनी म्हणाली. “तुम्हीच तर चालव...” आणि पुढचं तिनं चहाच्या कपात सोडलं.

रंगरावांनी छतावरचा हात काढला. निळ्या मर्सिडीजमध्ये ते आणखी वेळ बसले. पट्टा, कार्पेट, तेल, दारं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग डावा तळहात गाडीच्या अंगावर टेकवून ते तिला फेरी घालू लागले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरत होता. तेवढ्यात शेडच्या पत्र्याच्या फटीतून ऊन आलं आणि वेणूबाईंना पुढचं डावं मडगार्ड दिसलं.

त्याचा रंग वेगळा होता. फार नाही. एकाच ठाणातलं म्हणून दुसऱ्याच ठाणातलं कापड जोडावं, एवढाच. पण एकदा दिसला की दुसरं काही दिसू नये असा. त्यांनी नंदिनीकडे पाहिलं. तिलाही दिसला होता. दीनानाथांनी दोघींना बघताना बघितलं आणि ते शेडच्या पत्र्याकडे बघू लागले.

संध्याकाळच्या उजेडात अँबॅसिडरवरचा दोऱ्याएवढा चरा शोधून कारखानाभर चौकशी करणारा माणूस. त्याचा हात त्या मडगार्डवरून गेला. क्षणभर थांबला की नाही, हे वेणूबाईंना नंतरही ठरवता आलं नाही. नजर समोरच होती. हात पुढे सरकला, दिव्यावरून बॉनेटवर गेला.

कोणीच बोललं नाही. वेणूबाईंच्या ओठांवर आलं होतं, ‘अहो, तो रंग.’ पण रंगावर बोट ठेवलं असतं तर ते बोट तिथं थांबणार नव्हतं. ‘तुम्हाला कसा दिसला नाही’वर गेलं असतं, तिथून पॅसेजमधल्या डॉक्टरांवर, तिथून डाळीच्या डब्यावर. लेकीची सगळी साठवण एका ठिगळाच्या गाडीत जाणार होती, तरी त्या मायलेकी दोन पुतळ्यांसारख्या खुर्च्यांवर बसून राहिल्या.

रंगराव फेरी पुरी करून आले. रुमालानं हात पुसला.

“हीच घ्यायची,” ते म्हणाले.

“नक्की बाबा?”

“मी बसून पाहिलं ना.”

दीनानाथांनी आतून किल्ली आणली आणि मानानं रंगरावांच्या तळहातावर ठेवली. “असा पारखी रोज येत नाही. एक चक्कर मारून या. लायसन आणलंय ना? विचारावं लागतं.”

नंदिनी उठून उभी राहिली. वेणूबाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला. रंगरावांनी किल्लीचं वजन केल्यासारखा हात खालीवर केला.

“लायसन तुरीच्या डाळीच्या डब्याखाली आहे,” ते म्हणाले. “दोन महिने झाले.”

दीनानाथांना वाटलं हा काही विनोद आहे. ते हसले, आणि एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबले.

रंगराव गाडीपाशी गेले. मागचं डावं दार उघडून, एक हात दारावर आणि एक पाठीशी, अकरा साहेबांसाठी उभे राहिले तसे ताठ उभे राहिले.

“वेणू, बस.”

“मी?”

“साहेब दोनदा विचारत नसतात.”

वेणूबाई पदर सावरून आत बसल्या. दार लागलं. आवाज इतका मऊ आला की त्यांना ते लागलंय की नाही हेच कळेना. आता पुढचं दार उघडेल म्हणून त्या समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिल्या. पांढरा बुशशर्ट मागच्या काचेतून सरकत पलीकडे गेला, आणि त्यांच्या उजव्या हाताचं, मागचंच दार उघडलं. रंगराव आत बसले. किल्ली त्यांनी दोन सीटच्या मधून पुढे धरली.

“नंदे. चल.”

नंदिनी येऊन बसली. पाय खाली चाचपला, पुन्हा चाचपला. “बाबा, याला क्लच...”

“नाही. गिअर आपले आपण पडतात. म्हणून तर ही. तुझा पाय अन् माझी कटकट, दोन्ही मिटलं.”

नंदिनी हसली. मग हसू अर्ध्यावर राहिलं आणि तिनं मनगटानं नाक पुसलं. गाडी शेडमधून निघाली, नगर रोडला लागली. खड्डे असतील, पण आत यायची त्यांची हिंमत नव्हती. समोर उसाचा एक ट्रॅक्टर होता. नंदिनीनं तो सावकाश ओलांडला, आणि रंगराव काचेला काहीही म्हणाले नाहीत.

रंगराव समोर बघत, मान किंचित तिरपी करून बसले होते. ते ऐकत होते.

“पुढच्या डाव्या मडगार्डला रंग मारलेला आहे,” ते म्हणाले. “पत्रा सरळ आहे. कुठं घासली असेल. तेवढ्यानं गाडी बाद होत नाही.”

वेणूबाई त्यांच्याकडे वळल्या. “तुम्हाला दिसला?”

“हाताला लागला. अन् तुम्ही तिघं एकदमच गप्प झाले. चांगल्या रंगावर एवढं गप्प कोणी होत नाही.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “घरातही दोन महिने तसंच चालू आहे. मी वाट पाहून राहिलो, कोणी बोलते काय.”

नंदिनीनं गाडीचा वेग कमी केला. डावीकडे एक झाड आलं, त्याच्या सावलीत तिनं गाडी घेतली आणि थांबवली. तिनं मागे बघितलं नाही. दार उघडून खाली उतरली आणि पुढच्या टायरपाशी जाऊन उभी राहिली.

आत वातानुकूलनाचा बारीक आवाज तेवढा होता. रंगरावांचा हात मधल्या सीटवरून चाचपत आला, मघाशी मडगार्डवरून फिरला होता तसाच, सावकाश, आणि वेणूबाईंच्या बांगड्यांशी येऊन थांबला.

“वेणू,” ते समोर बघत म्हणाले, “तू बसली ना, त्या बाजूचं मला आता काही दिसत नाही.”