एका गल्लीचे तीन शब्द

चौकीतल्या साहेबाला फक्त इंग्रजी कळे, म्हणून मध्ये दुभाष्या बसवला होता. एकच शब्द दोनदा वापरणं म्हणजे त्या पठ्ठ्याला भिकारपणा वाटे. "गल्ली नागमोडी होती, म्हणून वाट चुकलो," हे आरोपीचं तिन्ही वेळचं एकच वाक्य त्याने आधी 'वाइंडिंग', मग 'सर्पंटाइन' आणि आता ऐटीत 'लॅबिरिंथाइन' करून सांगितलं.

"दर वेळी नवीच गल्ली!" म्हणत साहेबाने दांडक्याने आरोपीचा जबडा फोडला. दोन दात टेबलावर उडाले.

चूक आपलीच, हे दुभाष्याच्या अगदी ओठांवर आलं.

"नागमोडीच होती हो," आरोपी रक्त थुंकत कळवळला. "दादा, तुम्ही तरी सांगा!"

"काय म्हणतोय?" साहेबाने दांडकं दुभाष्यावर रोखलं.

दुभाष्या चटकन म्हणाला, "पुन्हा शब्द फिरवतोय, साहेब."