मी आकडा झाकू देणार नाही

मी बँकेच्या भिंतीवरचा व्याजदराचा फलक बोलतो आहे. मला दयामाया नाही, असे लोक म्हणतात. म्हणोत. जो दर आहे तो दाखवणे, एवढाच माझा धर्म.

सुताराने मला साध्या फळीतून घडवले आणि पत्र्याचे आकडे बसवण्यासाठी माझ्या अंगावर खाचा पाडल्या. कित्येक वर्षे आकडे शांतपणे बदलत राहिले.

मग महागाई आली. दुकानांच्या आधी ती माणसांच्या मनात शिरली. उद्या भाव चढणार म्हणून जो तो आजच दुप्पट घेऊ लागला, आणि भाव खरोखर चढले. ठेवीदार म्हणू लागले, "पुढच्या वर्षी या पैशात पिशवी भरणार नाही. व्याज वाढवून द्या." ही धास्ती मोडण्यासाठी मध्यवर्ती बँकेने आपला दर वाढवला. त्यापाठोपाठ माझा आकडाही चढला.

आमचे व्यवस्थापक देवभीरू. पण देवापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक भिणारे. चढलेला आकडा दिसू नये म्हणून त्यांनी माझ्यावर दिनदर्शिका टांगली.

त्याच आठवड्यात एक शिंपी बायकोसह आला. नव्या शिलाई यंत्रासाठी त्याला कर्ज हवे होते. सही करण्याआधी बायकोने दिनदर्शिका बाजूला सारली.

"अहो, हा बघा दर. साहेबांनी आपल्याला कमी सांगितला होता."

शिंपी माझ्यावर उखडला. "हा मेला आमच्या पोटावर उठलाय. उतरवा याला."

"फळीवर काय डाफरता?" बायको म्हणाली. "भाव चढणार म्हणून घरात कापडाच्या गाठी रचल्यात. निजायला जागा उरली नाही."

"सगळेच घेत होते."

"मग आता सगळ्यांबरोबर व्याजही भरा."

व्यवस्थापकांनी मान खाली घातली. शिंप्याने पेन ठेवले.

"आधी गाठी विकतो," तो म्हणाला. "यंत्राचं पुढचं पुढे."

"आता सगळेच साठा विकायला काढतील. पडेल भावाने जातील."

"जाऊ देत. भीतीपायी घेतल्या, त्याचा दंड समजू."

दोघे यंत्राविना परतले. व्यवस्थापकांनी दिनदर्शिका पुन्हा माझ्यावर ओढली नाही.

माणसांनो, मला शिव्या द्या, उलटे टांगा, चुलीत घाला. त्याने दर उतरणार नाही. तुमच्या मनातली धास्ती ओसरेल तेव्हा मध्यवर्ती बँक तो उतरवील, आणि तो आकडाही मी असाच उघड दाखवीन. देवाने मला वाचा दिली नाही, आकडा दिला. तो मी कोणाच्या भिडेखातर खोटा करणार नाही. समोर उभे राहा आणि वाचा.