दुरुस्ती: छाती चोवीस

आपल्याच नातीच्या शोधाचा ग्रुप आजी रोज वाचायची, आणि नात कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढं सांगितलं की तुम्ही तिला नावं ठेवायला मोकळे. ठेवा. ग्रुपवरचे तीस हजार लोक चौदा महिने दुसरं काय करत होते, आणि तेही तिचं तोंड न पाहता.

लहान मुलांचे कपडे शिवायचं तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीशी कागदी साच्यांचे गठ्ठे आणि दारात टांगलेले तीन फ्रॉक, जे नमुना म्हणून लावले आणि मग कुणी मागितलेच नाहीत. तिचा मुलगा सुतारकाम करायचा. त्याचा घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने मुलगी आईकडे दिली आणि बापाला महिन्यातले दोन रविवार दिले. अशाच एका रविवारी तो मुलीला फिरायला घेऊन गेला तो परत आलाच नाही. मुलीचं शाळेतलं नाव शोधाच्या पोस्टरवर होतं. घरात ती बिट्टी.

पोलीस आजीकडे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तिने ताकास तूर लागू दिली नाही. एकुलता एक मुलगा. खरं सांगावं तर तो तुरुंगात जाणार आणि बिट्टी सुनेकडे जाणार, म्हणजे तोंड उघडलं की दोघंही हातची जाणार. शिवाय सुनेशी तिचं कधी पटलं नव्हतं. सून नोकरीवरून उशिरा यायची, बिट्टीच्या जेवणाच्या वेळा चुकायच्या, आणि आजीच्या लेखी तेवढा पुरावा पुरेसा होता. पोर बापाकडे सुखात आहे असं ती स्वतःला सांगायची, आणि वर्षभर सांगत राहिल्यावर ते तिला खरंही वाटायला लागलं होतं.

मुलगा दर वेळी नव्या नंबरवरून फोन करायचा. इकडून करायची सोय नव्हती. पत्ता मात्र तिच्याकडे होता, कारण कपडे पाठवायचे तर पत्ता लागतोच. दर तीन महिन्यांनी माप घेणं व्हायचं. टेप तिनेच पार्सलमधून पाठवला होता. बापाने तो धरायचा आणि बिट्टीने आकडे वाचायचे.

"आजी, चोवीस. आणि पुढे दोन रेघा."

"पोट आत ओढलंयस. श्वास सोड आणि परत वाच."

बिट्टी हसायची, मग आकडा बदलायचा. आजी तो वहीत लिहायची आणि पुढे वाढवता यावं म्हणून आत दीड इंच माया ठेवून दोन फ्रॉक शिवून पाठवायची. त्या दोन दिवसांत तिला दुसरं गिऱ्हाईक नको असायचं.

ग्रुप हरवलेल्या मुलांचा होता, पण बिट्टीच्या नावाखाली जेवढी गर्दी तेवढी कुणाच्याच नावाखाली नसायची. आजी तिथे 'सुईदोरा' या नावाने शिरली होती. आधी फक्त कानोसा घ्यायला, नंतर सवयीने. ग्रुप चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे आणि खरोखरच वर्गातल्यासारखे दबून असायचे. 'गरुडनजर' नावाचा एक गृहस्थ होता, जो घरच्या कोचावर बसून जगातली सगळी प्रकरणं सोडवायचा. त्याने बिट्टीला एकदा परदेशी धाडलं होतं, एकदा नदीत बुडवलं होतं, आणि एकदा लिहिलं होतं की म्हातारीच्या घरातली जमीन खणून बघा. ते वाचलं तेव्हा आजी खाली बसून काजं करत होती, आणि तिची नजर नकळत फरशीवर गेली. काही जण आईलाच बोल लावायचे: नवरा का सोडला, पोरीला कशी सांभाळत असेल कुणास ठाऊक. अशा कमेंटला आजी गुपचूप अंगठा द्यायची. हे मी लपवणार नाही.

आई स्वतः आठवड्यातून एकदाच लिहायची. दोन ओळी. कुणाला काही कळलं तर सांगा, इतकंच.

बाईंचा एक कडक नियम होता. पूर्वी एका पोस्टरवर तीळ चुकीच्या गालावर लिहिला गेला, आणि लोकांनी भलत्याच मुलाला त्याच्या बापाच्या हातातून ओढून चौकीत नेलं. तेव्हापासून ठरलं, की पोस्टरमध्ये काही चूक दिसली तर ज्याला माहीत असेल त्याने लगेच खाली 'दुरुस्ती' असं लिहून बरोबर काय ते टाकायचं. संकोच करायचा नाही. दिवसाला चार-पाच दुरुस्त्या यायच्या आणि बाई प्रत्येकाचे आभार मानायच्या.

बिट्टीला सात वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात नवं पोस्टर निघालं. कुणा चित्रकाराने जुन्या फोटोवरून आताचा चेहरा काढला होता. खाली मजकूर होता: वय सात, उंची अंदाजे साडेतीन फूट, अंगाने बारीक.

दुपारची वेळ होती. आजी एका फ्रॉकचा घेर दुमडत होती, आणि हातातलं काम न सोडता तिने ते वाचलं. अंगाने बारीक? तिची नात? चेहरा तर निव्वळ वाळकुडा काढला होता. लोकांनी आजीला खुनी म्हटलं, कैदाशीण म्हटलं, ते तिने गिळलं होतं. पण कुणी चुकीचं माप सांगितलं की तिला राहवायचं नाही. चाळीस वर्षं ती गिऱ्हाइकांना हेच सांगत आली होती, की अंदाजाने शिवलेलं अंगाला बसत नाही. तिने सुई तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी लिहिलं:

"दुरुस्ती: उंची तीन फूट दहा. छाती चोवीस, शोल्डर साडेदहा, फ्रॉकची लांबी पंचवीस. डावा खांदा पाव इंच उतरता."

पाठवलं आणि पुन्हा घेर दुमडायला घेतला. मनाला बरंही वाटलं.

बाईंनी सवयीने "दुरुस्तीबद्दल आभार" असं लिहून टाकलं. मग खाली दुसऱ्याच एकीने विचारलं, "हे माप कधीचं?"

आजीने घाईने कमेंट पुसली, पण तोवर चाळीस जणांनी त्या कमेंटचा फोटो काढून ठेवला होता. गरुडनजरला जन्मात पहिल्यांदा खरंच काही दिसलं. त्याने लिहिलं: सुईदोरा म्हणजे शिवणारी, मुलीची आजी काय करते ते बघा. तासाभरात तिच्या दुकानाचा फोटो ग्रुपवर होता, दारातल्या तीन फ्रॉकसकट. मुलाला सावध करावं असं तिच्या मनात आलं, पण करणार कुठल्या नंबरवर?

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आली. पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिने त्यांच्याकडून दहा मिनिटं मागून घेतली होती. एके काळी ती आजीला आई म्हणायची. आता काहीच न म्हणता गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, पिशवी उघडली आणि तीन फ्रॉक टेबलावर ठेवले. नवे कोरे, दुकानाची चिठ्ठीसुद्धा न काढलेले.

"अंदाजाने घेत गेले," ती म्हणाली. "बावीसचे आहेत. होतील का तिला?"

आजीने भांडणाची पूर्ण तयारी करून ठेवली होती. रात्रभर उत्तरं घोकली होती. त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. तिने फ्रॉक उलटा करून शिवण पाहिली. आत माया नव्हती, वाढवायला जागाच नव्हती.

"नाही होणार. काखेत दाटतील."

"एकही नाही?"

"एकही नाही."

सुनेने तिन्ही फ्रॉक पुन्हा नीट घडी घालून पिशवीत ठेवले. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. आजी तिच्या हातांकडे बघत राहिली. बिट्टी मोठी होताना तिने फोनवरून आकड्या-आकड्याने पाहिली होती, आणि जिने तिला जन्म दिला ती दुकानात उभी राहून दुकानदाराला अंदाज विचारत होती. आजीला लाज वाटली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, आणि अशी वाटली की मान वर होईना. तिने साच्याचा एक कागद फाडला आणि त्यावर पत्ता लिहून दिला. मग म्हणाली, मीही येते, मला बघून ती घाबरणार नाही.

चार तासांचा रस्ता. सुनेचा फोन सारखा थरथरत होता, म्हणून तिने तो उलटा करून मांडीवर ठेवला. तिथेच चुकलं. ग्रुपवर सकाळी नऊलाच गरुडनजरने गल्लीतल्या कुणाकडून तरी कळल्यावर लिहिलं होतं, की आई, आजी आणि पोलीस गाडीतून निघाले, पुढची खबर देत राहीन. खाली शेकड्यांनी हात जोडलेले आणि शुभेच्छा. गाडी कुठल्या नाक्यावरून कुठे वळली तेही कुणीतरी कळवलं होतं. सगळे चांगल्या मनाने करत होते. चौदा महिने तो ग्रुप न चुकता वाचणारा आणखी एक जण आहे, हे तीस हजारांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ज्या सुतारकामाच्या कारखान्यात मुलगा काम करायचा तिथल्या मालकाने सांगितलं, की तासाभरापूर्वी त्याने फोनमध्ये काहीतरी वाचलं आणि रंधा फळीवर तसाच टाकून गेला. वर जिना चढून खोली होती. दार उघडंच. एक गादी, एक स्टोव्ह, कपात साय धरलेलं दूध. दोरीवर एक फ्रॉक वाळत घातलेला, अजून ठिबकत होता. सुनेने तो काढून घेतला आणि छातीशी धरला.

शेजारीण बाहेर आली. तिची मुलगी बिट्टीएवढीच. दोघी दिवसभर एकत्र असायच्या म्हणे. गुणी पोर, ती सांगत होती, कधी हट्ट नाही. मग तिने सुनेला विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

"आई."

शेजारीण दोन पावलं मागे सरली आणि तिने पोलिसांकडे पाहिलं. "तिची आई तर वारली," ती म्हणाली. "पोरीनेच सांगितलं मला. बाप सांगायचा तेव्हा तिला खरं वाटायचं नाही, रोज विचारत राहायची. मग आजीने फोनवर सांगितलं. तेव्हा पटलं तिला."

ही गोष्ट आजीने कुणालाच सांगितली नव्हती, आणि मीही इतका वेळ सांगायची टाळली. चौथ्या महिन्यात मुलाने फोन केला होता: पोर जेवत नाही, आईचा धोशा सोडत नाही, तू सांग, तुझं ऐकेल. आणि आजीने सांगितलं. एका वाक्याचं तर काम. त्यानंतर बिट्टीने विचारणं बंद केलं, आणि आजीला वाटलं होतं, बरं झालं, पोर रुळली.

सून वळली. "तुम्ही?"

"हो."

आता हिने एक ठेवून द्यावी, असं आजीला मनापासून वाटलं. पण सून तशीच उभी राहिली, फ्रॉकचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. मग सावकाश, एकेक गोष्ट तपासून बघावी तशी ती बोलली.

"म्हणजे उद्या कुणी तिला ओळखलं आणि म्हटलं, चल, तुला आईकडे नेते, तर ती पळून जाईल. आणि मी स्वतः समोर गेले तर…" तिने फ्रॉक दुसऱ्या हातात घेतला. "लिहा. ग्रुपवर, पोस्टरखाली. तुम्ही कोण ते सांगून लिहा. शोधणाऱ्यांना हे माहीत असायला हवं."

पोलीस बसस्टँडवर चौकशी करायला खाली उतरले. आजी जिन्याच्या पायरीवर बसली. अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी तिने लिहिलं: मी तिची आजी आहे. मुलगी दिसली तर तिच्यापुढे आईचं नाव काढू नका. आई मेली असं मी तिला सांगितलं आहे.

पाठवण्याआधी तिने फोन सुनेपुढे धरला. सुनेने ते वाचलं, फोन हातात घेतला आणि शेवटी स्वतः तीन शब्द घातले: मी जिवंत आहे. मग पाठवलं.